डायवरचा मान

किन्हवलीच्या आसपासच्या पाड्यांवर भाताचं खळं मांडलं, की घरधन्याला सगळ्यात आधी दामू गोजरचा फोन नंबर लागायचा. दामूकडे ट्रॅक्टर होता आणि ट्रॅक्टरवर चालणारं मळणीचं मशीन होतं. कापणी उरकून भारे रचून उडव्या उभ्या राहिल्या, की दामूची आगगाडी गावोगाव हिंडायला निघायची. पुढं ट्रॅक्टर, त्याला ट्रॉली, ट्रॉलीच्या मागं आकड्यात अडकवलेलं मशीन. ट्रॉलीत पेंढ्याच्या गादीवर त्याची बायको रंभा आणि मशीनवर राबणाऱ्या गावातल्या बाया बसायच्या. खळ्यावर पोचलं की ट्रॉली सोडायची, मशीन जोडायचं, आणि मग दिवसभर धूळ, घरघर आणि अंगभर खाज.

दामू काही दारुडा नव्हता. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत तो थेंबालाही शिवत नसे. पण खळ्याची एक रीत होती. रास पडली, की घरधनी आतून ग्लास भरून आणायचा. पहिली धार भुईला, बाकीचा डायवरला. हा डायवरचा मान. नाय म्हणायची सोय नव्हती. नाय म्हटलं, तर घरधन्याला वाटायचं, आपली रास ह्याच्या नजरेत भरली नाय. आणि मळणीच्या भरात दामू सकाळी एका खळ्यावर, दुपारी दुसऱ्या. मान घेत घेत तो संध्याकाळी घरी यायचा तेव्हा ट्रॅक्टरच त्याला घेऊन आलेला असायचा.

त्या वर्षी मार्गशीर्षातल्या एका दुपारी नामाच्या खळ्यावर मान जरा जास्तच झाला. नामाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, भात मळून रास पडली होती, आणि नामा रिकामा ग्लास दिसला की भरत होता.

"घे रे दामू, पोरीचा ठरला हाय!"

"पोरीचा म्हनून मघाशी घेतली ना रे."

"ती पोरीची. ही जावयाची."

रंभा मशीनमधला अडकलेला पेंढा काढत होती. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर झटकून ट्रॉलीत जाऊन बसली.

रस्ता तसा सरळ होता. पण दामूला तो मधूनमधून दोन दिसत होता आणि त्यातला खरा कुठला, ह्यावर त्याचा विचार चालू होता. तेवढ्यात मोरी आली. ट्रॅक्टर मोरीवरून गेला. ट्रॉलीचं डावं चाक गेलं नाही.

ट्रॉली कलली, कठड्याच्या दगडाला अडकली आणि तिरकीच थांबली. आतल्या बाया मात्र पेंढ्यासकट खालच्या वालाच्या शेतात जाऊन पडल्या. वालाची जमीन भुसभुशीत, म्हणून निभावलं. कोणी गुडघा चोळत उठली, कोणी शिव्या देत उठली. रंभाचं कोपर सोललं होतं. ती उठली आणि आधी बाकीच्या मोजून घेतल्या. मग तिनं वर पाहिलं. दगड अजून अर्धी वीत सरकला असता, तर अख्खी ट्रॉली त्यांच्या डोक्यावर आली असती.

दामू खाली उतरला. म्हणजे उतरायला गेला आणि बसला.

मागून पोलिसांची जीप येत होती. दामूचं नशीब असं, की एरवी चार-चार दिवस त्या रस्त्याला जीप फिरकत नसे. जीपमधून एक फौजदार बाई उतरल्या आणि त्यांच्यामागं जाडसर मिशीचा हवालदार. बाईंनी ट्रॉली पाहिली, शेतातल्या बाया पाहिल्या, रस्त्यात बसलेला दामू पाहिला.

"कोण चालवत होतं?"

"मी," दामू म्हणाला. "मॅडम, रस्त्याला खड्डा हाय."

"कुठे आहे खड्डा?"

दामूनं बोट दाखवलं. तिथं खड्डा नव्हता. त्यानं दुसरीकडं दाखवलं. तिथंही नव्हता.

"घेतलीय का?"

"नाय हो मॅडम. खोकल्याचा औषध. सर्दी हाय."

बाईंनी त्याला सोडून वर चढून आलेल्या रंभाला विचारलं. "मावशी, तुम्ही कोण?"

"मी ह्यांची बायको."

"मग खरं सांगा. प्यायलेत का हे?"

दामू बायकोकडं बघून डोळ्यांनी खुणावत होता, आणि त्याला वाटत होतं की ते कोणाला दिसत नाही. रंभानं कोपरावरची माती फुंकली.

"प्यायलेत," ती म्हणाली. "लय प्यायलेत."

पुढचं सगळं हवालदारानं केलं. त्यानं जीपमधून फुंकायचं यंत्र आणलं. दामूनं नळी तोंडात धरली आणि श्वास आत ओढला.

"अहो काका, विडी नाय ती! बाहेर फुंका."

दामूनं गाल फुगवले. हवा नाकातून गेली.

"चूल फुंकता ना घरी? तशी."

"चूल बायको फुंकते."

वालाच्या बांधावर हसू फुटलं. शेवटी दामूनं जोर लावून फुंकलं. यंत्रानं आकडा दाखवला. हवालदारानं तो बाईंना दाखवला आणि भुवया वर केल्या, म्हणजे आकडा मोठाच असणार. दामूचं लायसन गेलं, ट्रॅक्टर पोलिसांच्या आवारात गेला आणि दामू जीपमधून गेला. मशीन तेवढं नामाच्या दारात परत नेऊन ठेवलं. संध्याकाळी मुलगा आदेश भिवंडीच्या गोडाउनमधल्या कामावरून तसाच चौकीवर धावला आणि जामीन देऊन बापाला घरी घेऊन आला.

घरी दामू कोणाशी बोलला नाही. पोलिसांचा राग त्याला आला नव्हता. पोलीस पकडणारच, त्यांचं कामच ते. पण रंभा! पंचवीस-तीस वर्षांचा संसार. एक "सर्दी हाय" म्हणाली असती, तर काय जिभेला फोड आला असता? त्यानं ताटावर बसून फक्त भाकरी खाल्ली, कालवणाला हात लावला नाही. रंभानं कालवणाची वाटी उचलली आणि स्वतः प्यायली. तिनंही काही सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

* * *

कोर्टाची तारीख शहापूरला लागली. आदेशनं ओळखीचा वकील गाठला होता. वकील म्हणाला, "गुन्हा कबूल करा आणि मान खाली घालून उभे राहा. पहिलीच वेळ आहे. पण साहेबांच्या मनात आलं तर आतही टाकू शकतात. कायद्यात तशी सोय आहे."

आत टाकणं म्हटल्यावर दामूनं गळ्यापर्यंत बटणं लावली. त्यानं लग्नातला शर्ट घातला होता, तो आता पोटावर ताणत होता. पुकारा झाला तसा तो पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला आणि काही विचारायच्या आधीच म्हणाला, "हो साहेब, मीच."

न्यायाधीश साहेबांनी कागद वाचले. चष्म्यावरून पाहिलं.

"ट्रॉलीत कोण होतं?"

"बाया होत्या साहेब. कामाच्या."

"किती?"

"पाच. आनि बायको."

"बायको वेगळी मोजता का?"

मागं कोणीतरी खुसखुसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी दंड सांगितला, लायसन सहा महिने बंद म्हणून सांगितलं, आणि मग म्हणाले, "कोर्ट उठेपर्यंत इथं बसून राहायचं. ही शिक्षा आहे, आराम नाही. सहा महिन्यांच्या आत चालवताना सापडलात किंवा पुन्हा असे आलात, तर दुसरीकडे बसायला लागेल."

दामूला वाटलं, सुटलो. पण बाकावर बसल्यावर त्याला कळलं की कोर्ट उठेपर्यंत बसणं हे काही सोपं नव्हे. बाक अरुंद होता आणि त्याची एक पट्टी सैल होती. हलला की करकर वाजायची आणि शिपाई बघायचा. त्यात शहापूर म्हणजे तालुक्याचं गाव, अर्ध्या तालुक्याला कोर्टात काम. जमिनीच्या तारखेला आलेला अनंता भेटला.

"काय दामू, इतं कसा?"

"बसलोय."

"साक्ष हाय काय कोनाची?"

"नाय. शिक्षा हाय."

"काय शिक्षा?"

"हीच. बसायची."

अनंतानं मान वर करून खिडकीकडं बघितलं. "माझा खळा कवा घेशील मंग? वर आभाळ बग कसा झालाय." दामूनं खिडकीतून पाहिलं. माहुली गडाच्या कड्यावर खरंच ढग बसले होते. पौषाच्या तोंडावर ढग, म्हणजे उडव्यांतल्या भाताचा जीव टांगणीला. अनंताच्या मागोमाग आणखी दोघे तेच विचारून गेले. त्यांना दामूची शिक्षा ऐकायची नव्हती, त्यांना मशीनची तारीख हवी होती. बाहेरच्या व्हरांड्यात रंभा भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी सून स्नेहल. दामूला दारातून ते फडकं दिसत होतं. आत खायला परवानगी नव्हती आणि बाहेर जायलाही. दुपार टळली तरी फडकं तसंच बांधलेलं होतं. रंभानंही खाल्लं नव्हतं.

कोर्ट उठलं तेव्हा तिघं त्या फडक्याभोवती बसून जेवली. चटणीत लसूण जास्त झाला होता, पण ते कोणी बोललं नाही.

ट्रॅक्टर सोडवायचे कागद आधीच करून आदेश परस्पर पोलिसांच्या आवारात पोचला होता. तिथं तोच मिशीवाला हवालदार होता.

"नेणार कोण? लायसन दाखवा."

आदेशनं दाखवलं. त्याच्याकडं फक्त मोटरसायकलचं होतं. हवालदारानं मान हलवली. दामूकडं पाहण्याचा प्रश्नच नव्हता. भाड्यानं डायवर बघू, असं आदेश म्हणाला. पण मळणीच्या दिवसांत डायवर मोकळा मिळणं म्हणजे म्हशाच्या जत्रेत हरवलेली चप्पल मिळण्यासारखं. सगळे उभे राहिले. तेव्हा स्नेहलनं पर्समधून एक कार्ड काढलं आणि हवालदाराच्या पुढं धरलं.

"माझा हाय. चारचाकीचा."

हवालदारानं कार्ड उलटसुलट केलं. "ट्रॅक्टर चालवलाय कधी?"

"आमच्या बापाचा हाय धसईला. नांगरनी मीच करायची."

दामूनं सुनेकडं असं पाहिलं, जसं तिनं आत्ता कोणाचं तरी पाकीट मारलं होतं. घरात येऊन तिला तीन वर्षं झाली होती. धसईला तिच्या बापाकडं ट्रॅक्टर आहे, हे त्याला माहीत होतं. ती त्यावर बसायची, हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि आपला ट्रॅक्टर ती रोज सकाळी धुवायची, तेव्हा काय बघत होती, हे त्याला आत्ता कळत होतं.

"बाई मानूस ट्रॅक्टर घेऊन गावात शिरनार?" तो हळूच रंभाला म्हणाला. "लोकं काय म्हनतील?"

कितीतरी दिवसांत रंभा त्याच्याशी पहिल्यांदा सरळ बोलली. "लोकं आता काय म्हनतायत, ते ऐकलाव काय तुमी?"



स्नेहलनं ओढणी कमरेला घट्ट बांधली, चप्पल काढून ट्रॉलीत टाकली आणि वर चढली. क्लच दाबून बघितला, गिअर हलवून बघितला, आरसा आपल्याकडं वळवला. ट्रॅक्टर खोकला आणि चालू झाला. मागं ट्रॉली होती आणि आवाराचं फाटक अरुंद होतं. तिनं मागं घेऊन, पुढं घेऊन, परत मागं घेऊन ट्रॉली अशी सरळ केली, की फाटकाच्या दोन्ही खांबांना फक्त वारा लागला. हवालदारानं नकळत सलाम ठोकला आणि मग मिशीला हात लावल्यासारखं केलं.

दामू मडगार्डवर बसला. किन्हवलीपर्यंत तो एकसारखा सांगत राहिला. "गिअर बदल. ब्रेकवर पाय ठेव. म्हस येते. म्हस येते गो!"

"दिसली बाबा."

"मंग हॉर्न मार."

"हॉर्न मारला की ती आडवी व्हते. गेली बगा तिची ती."

म्हैस गेली होती.

* * *

पहिलं खळं अनंताचं. मशीन आणून जोडायला सकाळ गेली. दामूला आता काम नव्हतं, म्हणजे डायवरचं नव्हतं. रंभानं त्याच्या हातात भारा दिला. "घाला." म्हणून तो मशीनच्या तोंडाशी उभा राहिला. इतकी वर्षं ट्रॅक्टरवर बसून "जोरात घाला, रिकामा फिरतोय!" असं ओरडणारा दामू, आता भारा उचल, सोड, पसर, ढकल, असं करत होता. दुपारपर्यंत त्याच्या मानेत, काखेत, कानात भाताची कुसं शिरली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. शेजारची बाई न थांबता भारे ढकलत होती.

"तुमाला खाज नाय येत?" त्यानं विचारलं.

"येते ना."

"मंग?"

"मंग काय?" ती म्हणाली आणि पुढचा भारा सरकवला.

रास पडली. पिवळी, उंच, वरून हात फिरवावा अशी. अनंता सवयीनं आत गेला आणि सवयीनं ग्लास भरून घेऊन आला. भुईला धार सोडली, ट्रॅक्टरपाशी आला आणि हात पुढं करून थबकला. वर स्नेहल बसली होती. खळ्यावरची घरघर बंद झाली होती, त्यामुळं सगळ्यांना सगळं दिसत होतं. अनंतानं ग्लास मागं घेतला. मग दामूकडं पाहिलं. दामूच्या घशाला कोरड पडली होती, कुसं टोचत होती, आणि ग्लास तीन पावलांवर होता. पण मान डायवरचा होता आणि डायवर तो नव्हता. अनंताला कोणाला द्यावा कळेना, आणि दामूला मागता येईना.

अनंताची आई सकुबाई ओट्यावर बसून हे बघत होती. ती तरातरा खाली आली, पोराच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि उरलेला सगळाच भुईला ओतला.

"आई गो!" अनंता कळवळला.

"भुईनी पिला तर ती काय मोरीत नाय पडनार," सकुबाई म्हणाली. "पन डायवरला रिकामा धाडायचा नाय. थांब पोरी." ती घरात गेली आणि सूप घेऊन आली. सुपात नव्या राशीचं भात, नारळ, हळकुंड आणि घडी न मोडलेला खण. अनंताच्या बायकोला पुढं करून तिनं स्नेहलला ट्रॅक्टरवरून खाली उतरवलं, पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि सगळ्या खळ्यासमोर तिची ओटी भरली. स्नेहलचे हात ग्रीसनं काळे होते. ते तिनं ओढणीला पुसले आणि वाकून नमस्कार केला.

बातमी मशीनच्या पुढं पोचली. दुसऱ्या खळ्यावर ओटीत नारळाबरोबर ब्लाउजपीस आला. तिसऱ्या खळ्यावरच्या बाईला वाटलं, आपण कमी का, म्हणून तिनं साडीच काढली. चौथ्या खळ्यावर कोंबडी आली, जिवंत. एका घरात ग्लास आलाच नाही, चहा आला आणि तो सगळ्या बायांना आला, हे पहिल्यांदाच घडत होतं. संध्याकाळी आगगाडी घरी यायची तेव्हा ट्रॉलीत नारळ घरंगळत असायचे आणि कोंबडी पेंढ्यात बसून आजूबाजूला बघत यायची.

"वीस वर्षं मळनी केली," दामू ओट्यावर पाय धूत म्हणाला. "एका मायच्या लेकानी कवा नारळ दिला नाय."

"तुमी नारळ प्यायला असताव तर दिला असता," रंभा म्हणाली.

आदेश हसला, स्नेहल ओढणीआड हसली, आणि दामूलाही हसू आलं, पण त्यानं ते तोंड धुताना पाण्यात दडवलं. आता तो कालवण खायला लागला होता. रोज दिवसभर भारे ढकलून भूकच अशी लागायची, की रुसायला फुरसत नव्हती. झोपही लागायची, आणि सकाळी डोकं दुखत नव्हतं. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही.

* * *

शेवटचं खळं नवसूचं. नवसूची वाडी वर डोंगराच्या पायथ्याशी, झाडांत. तिथं जायचा रस्ता म्हणजे मुरमाची चढण आणि तिच्या मध्यावर कोपरासारखं वळण. एका अंगाला ओहोळ. दामू दरवर्षी तिथं मशीन चढवायचा आणि दरवर्षी त्याबद्दल उरलेलं वर्ष सांगायचा.

त्या दिवशी ढग खाली उतरले होते. वारा पडला होता आणि हवेत ओल्या मातीचा वास होता. नवसू खाली रस्त्यावरच वाट बघत उभा होता, धोतराचा सोगा धरून. त्याची वर्षाची सगळी कमाई उडवीवर उघडी पडली होती.

ट्रॉली खालीच सोडली. स्नेहलनं नुसतं मशीन घेऊन चढायला सुरुवात केली. पहिला टप्पा चढली. वळणावर मशीन मागं ओढू लागलं, मागचं चाक मुरमावर फिरलं, धूर निघाला आणि ट्रॅक्टर बंद पडला. तिनं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. ट्रॅक्टर एक हात मागं सरकला आणि थांबला. ओहोळाच्या बाजूचे खडे खाली घरंगळत गेले, त्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"दामू, तूच घे रे," नवसू खालून म्हणाला. "इतं कोन बगतो? पानी आला ना तर माझा घर बसला."

मडगार्डवरून दामूचा हात आपोआप स्टेअरिंगकडं गेला होता. हे वळण त्याच्या हाताला पाठ होतं. इथं पोलीस नव्हता, फौजदार बाई नव्हत्या, साहेब नव्हते. मिनिटाचं काम. वर चढवायचं, उतरायचं आणि सुनेला परत बसवायचं. त्यानं बाजूला पाहिलं. स्नेहलनं ब्रेकवर सगळं अंग टाकलं होतं. ती जागची हलली नव्हती आणि तिनं स्टेअरिंगही सोडलं नव्हतं. खाली चढणीवर रंभा आणि बाकीच्या बाया चालत येत होत्या, बरोबर मशीनच्या मागं.

"बाया बाजूला व्हा!" दामू ओरडला. "गो रंभे, वरच्या अंगाला सरक! सगळ्या सरका!"

आणि त्यानं खाली उडी मारली. कडेचा एक मोठा दगड उचलला, पोटाशी धरून आणला आणि मागच्या चाकाला लावला. दुसरा दगड मशीनच्या चाकाला.

"आता ब्रेक सोड. दगड हाय. घाबरू नको. पहिल्या गिअरात घे, आनि एकदम नको, दूध तापवतेस तशी घे."

स्नेहलनं चालू केला. ट्रॅक्टर हातभर चढला. दामूनं दगड उचलला, पुढं नेला, लावला. पुन्हा हातभर. पुन्हा दगड. मुरमावर पाय घसरत होते, बोटं चेपत होती, एकदा तो गुडघ्यावर पडला, तसाच उठला. नवसूनं दुसरा दगड धरला. दोन म्हातारे गडी वाकलेले, एक इकडं, एक तिकडं, आणि वर सून.

"घे गो, घे! हाय दगड! घे!"

वळण संपलं तसा ट्रॅक्टर सरळ झाला आणि धूर सोडत वाडीत शिरला. कुत्री भुंकायला लागली. दामू दगड मांडीवर घेऊन तिथंच बसला. त्याच्या नखातून रक्त येत होतं आणि तो हसत होता.

मळणी अशी कधी झाली नव्हती. वाडीतली सगळी माणसं लागली. भात पोत्यात गेलं, पोती घरात गेली, आणि शेवटचा पेंढा रचत असताना पहिले थेंब आले. ते मोठे नव्हते, पण अर्धा तास आधी आले असते तर भात भिजायला पुरे होते. नवसूच्या आईनं, लहानी आजीनं, स्नेहलची ओटी भरली. तिच्याकडं खण नव्हता, तिनं मधाची बाटली दिली. मग तिनं डोक्यावर इरलं घेतलं, काठी घेतली आणि सरळ ट्रॅक्टरपाशी गेली.

"मी लेकीकडं येतंय खालच्या गावाला. मना बाईच्या बाजूला बसायचा हाय."

"आजी, मागं ट्रॉली हाय खाली. पेंढा हाय मऊ," दामू म्हणाला.

"पेंढ्यात तू बस."

ती मडगार्डवर बसली आणि तिनं काठी समोर अशी धरली, की ट्रॅक्टर आता तीच चालवणार. उतरणीवर दामू चालत आला. खाली ट्रॉली जोडली, तरी लहानी हलली नाही. मग काय करणार? आयुष्यात पहिल्यांदा दामू गोजर आपल्याच ट्रॉलीत चढला.

बाया ताडपत्री ओढून एका कोपऱ्यात गाणं म्हणत बसल्या होत्या. दामू रंभाच्या बाजूला पेंढ्यात टेकला. ट्रॅक्टर निघाला, आणि पहिल्याच खड्ड्यात त्याचं बूड फूटभर वर उडून खाली आपटलं. दुसऱ्यात दात वाजले. पुढं बसल्यावर जे खड्डे त्याला कधी जाणवले नव्हते, ते सगळे इथं मागं राहायला आले होते. इथून रस्ता दिसत नव्हता. वळण कधी येतंय ते कळत नव्हतं. वर नुसतं आभाळ आणि पुढं डायवरची पाठ.

दोघांनी एक ताडपत्रीचं टोक धरलं होतं. पाऊस तिच्यावर टपटपत होता. रंभानं त्याचा हात ओढून घेतला, फुटलेलं नख पाहिलं आणि पदराच्या टोकाची पट्टी फाडून त्याला बांधली.

"रंभे," दामू म्हणाला. "एक विचारू?"

"विचारा."

"त्या बाईला तवा खोटा का नाय बोललीस गो? सर्दी हाय म्हनाली असतीस, तर सुटलो असतो."

रंभानं गाठ मारली आणि ती घट्ट बसली का, ते बघितलं.

"ट्रॉलीत मी होती ना," ती म्हणाली.

दामूनं समोर पाहिलं. पुढं सुनेची पाठ, तिच्या बाजूला इरल्याखाली लहानी आजी, आणि त्या दोघींच्या मधून दिसणारा थोडासा रस्ता. ताडपत्रीचं टोक त्यानं रंभाच्या बाजूला जास्त ओढलं, त्यामुळं त्याचा डावा खांदा भिजायला लागला.

मग एक मोठा खड्डा आला. नारळ, बाया, रंभा, दामू सगळे एकदम वर गेले आणि एकमेकांच्या अंगावर पडले.

"गो स्नेहल!" दामू ओरडला. "हळू जरा! मागं मानसा हायत!"

रंभा त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हसायला लागली. इतकी, की बायांचं गाणं थांबलं.